जुन्या मोटरसायकलींच्या क्लबात नवीन आलात? आधी एवढंच करा

आजोबांची येझदी अजून सुरू होत नाही म्हणून रविवारच्या बैठकीला यायचं टाळू नका. बंद गाडीवाले सदस्य आम्हाला हवेच असतात.

आपल्याकडे पगारी माणूस नाही. चहापासून राइडच्या परवानगीपर्यंत सगळं सदस्यच बघतात. नवीन मंडळी उत्साहात सगळ्यालाच हो म्हणतात, दमतात आणि गणपतीनंतर दिसेनाशी होतात. तुम्ही एकच काम घ्या, पण तडीस न्या. माझं ऐकाल तर सुट्या भागांच्या कपाटाची वही घ्या. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. तेव्हापासून अस्सल जुना भाग मिळायला ओळखीच लागतात. कुणाच्या पडवीत कोणता कार्ब्युरेटर पडलाय, हे त्या वहीमुळे कळतं, आणि माणसंही जोडली जातात.

बाकी तीन गोष्टी:

- क्लबातून नेलेला पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढायचं हत्यार) त्याच आठवड्यात परत आणा. यावरूनच सगळ्यात जास्त कुरबुरी होतात.
- रंगकामाची घाई नको. आपल्या खाऱ्या हवेत आधी मडगार्डची आतली बाजू, स्पोक आणि इग्निशनचे कॉन्टॅक्ट पॉइंट तपासा.
- गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, कार्ब्युरेटर रिकामा करा.

50 वर्षं झालेल्या गाड्यांची व्हिंटेज नोंदणी 2021 च्या नियमांनुसार होते, ते पुढे सावकाश पाहू. तोवर मूळ इंजिन आणि चासी बदलू नका. येताना आरसी तेवढी आणा.