विचारा की! : आधी डोंगर की आधी समुद्र?

मागच्या अंकात मी एक ओळ टाकली होती, की कॉलेजच्या पोरांना शनिवार-रविवारच्या भटकंतीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. पत्रं आली ती जवळजवळ सगळी एकाच गोष्टीवर, डोंगर आणि समुद्र एकाच वीकेंडला "उरकायचा" कसा. उरकायचा हा शब्द त्यांचा बरं का, माझा नाही. काही पत्रं लांबलचक होती ती मी जरा कापली आहेत, रागावू नका.

सर, आम्ही कोल्हापूरचे थर्ड इयरचे बावीसजण. शुक्रवारी रात्री अकराला निघायचं, एक दिवस रांगणा, एक दिवस मालवणला स्नॉर्कलिंग, आणि सोमवारी लेक्चरला हजर असा प्लॅन आहे. अर्धे म्हणतात आधी समुद्र, फ्रेश असताना पाण्यात मजा येते, अर्धे म्हणतात आधी किल्ला. एकाने तर कुठेतरी वाचलंय की पाण्यात जाऊन लगेच घाट चढला की रक्तात बुडबुडे होतात. खरं काय? (एक सीआर, कोल्हापूर)

आधी डोंगर. डोळे झाकून आधी डोंगर.

आम्ही एकदा उलटं केलं होतं. सकाळभर पाण्यात पालथे पडलो, पाठ आणि खांदे उन्हाला, गार पाण्यात काही कळतच नाही भाजतंय ते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खांद्यांवर सॅकचे पट्टे. पहिल्या चढालाच एकजण सॅक डोक्यावर घेऊन चालायला लागला, हमालासारखा. त्यात अंगावर मीठ राहिलेलं, मांड्या घासून लाल झालेल्या, सगळेजण पाय फाकून चालत होते. त्या फोटोंमध्ये किल्ला कमी आणि आमच्या चालीच जास्त दिसतात.

आता बुडबुड्यांचं. ते खरं आहे पण तुमच्यासाठी नाही. स्कूबामध्ये टाकीतली दाबाखालची हवा घेता, त्यातला नायट्रोजन अंगात मुरतो, आणि तो हळूहळू बाहेर पडायच्या आत तुम्ही उंचावर गेलात तर त्रास होऊ शकतो. स्नॉर्कलिंगला तुम्ही पाण्यावर तरंगत नळीतून साधी वरचीच हवा घेता, तिथे हा प्रश्नच येत नाही. पण मला तुमच्यासारखे ग्रुप माहिती आहेत, जेट्टीवर गेल्यावर कुणीतरी म्हणतोच "स्कूबाचं पॅकेज पण आहे रे, करून टाकू". करा, पण मग हिशेब लक्षात ठेवा. विमानासाठी नियम सांगतात तो असा, एका डाइव्हनंतर किमान 12 तास थांबा, जास्त डाइव्ह केल्या तर 18. घाटाला अगदी तेवढीच सक्ती नाही, मालवणच्या टुरिस्ट डाइव्ह उथळ आणि थोडा वेळच असतात, पण 300 मीटरच्या वर गेलं की पाणबुडे लोक तिला उंचीच म्हणतात आणि आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे सकाळी नऊला पाण्यातून बाहेर आलात तर बस रात्री नऊनंतर घाटाला लावा, जेवून निवांत. तुमच्या प्लॅनमध्ये तसंही बसतंय.

आणि रांगण्याचं एक भारी आहे जे तुमच्या पत्रात दिसलं नाही म्हणून सांगतो. कोल्हापूरच्या बाजूने गारगोटी-पाटगाव-भटवाडी करत चिक्केवाडीतून किल्ल्यावर जा आणि आल्या वाटेने परत येऊच नका, पलीकडून नारूरला उतरा. नारूर कुडाळ तालुक्यात, म्हणजे तुम्ही देश चढून कोकणात उतरलात, तेही स्वतःच्या पायांनी, आणि संध्याकाळी मालवणात. बसला मात्र घाटातून मोठा वळसा घालून यावं लागतं, ते ड्रायव्हरला आधी नीट समजावून सांगा, नाहीतर तो बिचारा पाटगावात चहा पीत बसेल आणि तुम्ही नारूरच्या देवळात. उतार दाट जंगलातला आणि गुडघ्यांची परीक्षा बघणारा आहे, वाटा फुटतात, गव्यांचा वावर आहे, गावातला माणूस बरोबर घेतल्याशिवाय उतरू नका. त्याला पैसे देताना घासाघीस पण नको.

शुक्रवारी रात्री अकराला निघायचं मात्र कॅन्सल करा. सातला निघा, पाटगावात झोपा. बसमध्ये रात्रभर अंताक्षरी, मग दिवसभर चाल, आणि दुसऱ्या सकाळी समुद्र, हे गणित वाईट आहे. पुढे एका आईंचं पत्र आहे, तिथे परत येतो यावर.

समुद्रात किती वाजता उतरायचं? आम्हाला अकराचा स्लॉट मिळतोय, जरा झोपायला मिळेल म्हणून. (त्याच ग्रुपमधला दुसरा)

झोपाळू दिसतोस. अकरा नको, सात-आठचा मिळतो का बघ. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, मतलई वारा, त्याने पाणी चादरीसारखं सपाट राहतं. दुपारकडे खारा वारा सुटतो, लाटा येतात, बोट हलते, तळाची वाळू ढवळते आणि मास्कमधून दिसतं काय तर ताक.

दुसरं म्हणजे भरती. ॲप आहेतच, पण कोकणातली जुनी युक्ती कॅलेंडर बघून करता येते. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण बरोबर तीन, म्हणजे तीनला भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा. एकादशी-द्वादशीला सव्वाआठ-नऊ, म्हणजे सकाळी वारा पण पडलेला आणि पाणी पण भरलेलं, स्नॉर्कलिंगला याहून चांगलं काय पाहिजे. थोडं पुढेमागे होतं, पण ठरवायला पुरतं. पुनव-अमावस्येच्या उधाणाला पाण्याला ओढ जास्त असते, तेव्हा तारीख निवडायला मिळत असेल तर ते दिवस टाळा.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात, साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट, प्रवासी होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंदच असतात, तेव्हा कुणी "आपण नेतो की गुपचूप" म्हणाला तर त्याचा नंबर डिलीट करा.

मला अजिबात पोहता येत नाही आणि चष्मा आहे, मायनस साडेतीन. सगळे जाणार आणि मी बोटीत बसून सगळ्यांच्या चपला सांभाळणार, असं होईल का? (चष्मेवाली, कराड)

अगं नाही होणार. स्नॉर्कलिंगमध्ये पोहणं नसतंच जवळजवळ, लाइफ जॅकेट तुला वर ठेवतं, रिंगला धरायचं, गाइड ओढत नेतो, तू फक्त तोंड खाली घालून बघायचं. पोहणाऱ्यांचाच जास्त घोळ होतो, त्यांना हातपाय मारायची सवय असते.

अडचण येते ती श्वासाची. मास्कमध्ये नाक बंद असतं, श्वास फक्त तोंडाने, आणि पहिल्या मिनिटाला मेंदू ओरडतो की आपण मेलो. म्हणून आठवडाभर आधी घरी नाक चिमटीत धरून फक्त तोंडाने श्वास घ्यायचा सराव कर, टीव्ही बघता बघता पाच मिनिटं. आई विचारेल काय चाललंय, सांग प्राणायाम. पाण्यात घाबरलीस तर काही करायचं नाही, डोकं वर काढायचं आणि नळी काढून टाकायची, बस. जॅकेट आहे.

मास्क लावताना केसाची एक बट जरी कडेला अडकली तरी पाणी आत येतं. मुलांनो, तुमच्या मिशीतून पण येतं, ज्यांनी नोव्हेंबरपासून मिशी जोपासली आहे त्यांनी तयारी ठेवा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची आणि खळबळून टाकायची. किळस वाटेल पण जगभर हेच करतात.

चष्मा मास्कच्या आत जात नाही. नंबरचे मास्क असतात पण तिथे तुझ्या नंबरचा असेलच असं नाही, आधी फोन करून विचार. कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाणारे असतात, मला ते फारसं आवडत नाही, मास्कमध्ये पाणी शिरलं तर लेन्स गेली आणि डोळ्यात जंतू जायची भीती. पण तुझ्यासाठी चांगली बातमी, पाण्याखाली मास्कमधून सगळं साधारण एक तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं आणि मासे तर हातभर अंतरावर येतात. साडेतीनला चालून जाईल. दम्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, हे सगळ्यांसाठीच.

सर नमस्कार. मुलगी इंजिनियरिंगला आहे, त्यांच्या ग्रुपची ट्रिप मालवणला जातेय. पेपरात वाचलेलं डोक्यातून जात नाही. नाही म्हणावं तर ती रुसते, हो म्हणावं तर मला झोप लागत नाही. (एक आई, सांगली)

ताई, तुमची भीती खोटी नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडला पुण्याच्या सहलीतले 14 विद्यार्थी समुद्रात बुडून गेले. 15 एप्रिल 2017 ला मालवणजवळ वायरीला बेळगावचे 8. आणि 24 मे 2022 ला तारकर्लीला स्कूबा करून परत येणारी बोट बुडून दोघे, पावसाळ्यासाठी सगळं बंद व्हायच्या अगदी तोंडावर.

पण यातून मला जे दिसतं ते सांगतो. पहिल्या दोन्ही वेळी पोरं लाइफ जॅकेट घालून गाइडबरोबर नव्हती, किनाऱ्यावरून आपली आपण पाण्यात उतरली होती. स्नॉर्कलिंगच्या तासाभरापेक्षा मला आदल्या संध्याकाळची भीती जास्त वाटते. दिवसभर डोंगर चढून-उतरून आलेली पोरं, पायात गोळे, समोर समुद्र, सूर्य बुडतोय, कुणीतरी म्हणतं "फक्त पाय भिजवू". पायाचे गुडघे होतात, गुडघ्याची कंबर होते. म्हणून मुलीला नाही म्हणू नका, तिच्याकडून दोन शब्द घ्या. शनिवारी संध्याकाळी पाण्यात कुणीच उतरायचं नाही. आणि रविवारी बोटीत बसायच्या आधी माणसं आणि जॅकेटं मोजायची, बावीस माणसं तर बावीस जॅकेटं, बकल लावलेली, मांडीखाली घेऊन बसलेली नाही.

आणि हे तिला वाचून दाखवा. किनाऱ्यावर दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गप्प, शांत दिसतो, लोकांना वाटतं इथेच उतरावं. बऱ्याचदा तिथूनच पाणी आत परत जात असतं. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही, माणूस दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवं जायचं, ओढ सुटली की मग आत यायचं. आडवं जमत नसेल तर नुसतं तरंगायचं आणि हात वर करायचा. आणि काठावरच्यांनी साखळी करून आत शिरायचं नाही, रिंग, दोरी, रिकामा कॅन, जे तरंगतं ते फेकायचं.

झुऑलॉजीच्या प्रोजेक्टसाठी प्रवाळाचा छोटा तुकडा आणला तर चालेल का? मेलेला असला तरी? (बीएस्सी, इस्लामपूर)

नाही. मेलेला असला तरी नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, एकोणतीस चौरस किलोमीटर. फोटो काढ, प्रोजेक्टला तेच लाव.

त्यावर उभं पण राहू नका. दमलं की पोरं पायाला लागेल तो दगड समजून टेकतात, तो दगड नसतो, आणि कापतो पण असा की आठवडाभर चप्पल घालता येत नाही. दुसरं, काही ठिकाणी मासे जमावेत म्हणून ब्रेड टाकतात, पट्ट्यापट्ट्यांच्या माशांची झुंबड उडते, व्हिडिओ छान येतो. तुम्ही "दादा, ब्रेड नको" म्हणा. मासे तसेही येतात, जरा थांबलं की. सनस्क्रीन थापण्यापेक्षा फुल बाह्यांचा टी-शर्ट घाला, खांदे पण वाचतील, वर सांगितलंच आहे.

ट्रेकला डिओ मारून चालतो का? घामाचा वास येतो हो. (नाव नको)

येऊ दे. पाटगाव हे मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, यातच काय ते समज. त्या रानात मधमाशा आहेत, आग्या मोहोळं पण असतात, आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा, दगड मारणं यातलं काहीही त्यांना आवडत नाही. उठल्याच तर हात झटकत उभं राहू नकोस, तोंड झाकून लांब पळ. डिओ मालवणात मार.

बोट लागते मला. एसटीत पण लागते. काय करू? (गडहिंग्लज)

उपाशी जाऊ नकोस आणि मिसळ खाऊन पण जाऊ नकोस, दोन इडल्या किंवा केळं. मोबाइलमध्ये बघू नकोस, लांब किल्ल्याच्या तटाकडे नाहीतर क्षितिजाकडे बघ. बोट नांगर टाकून थांबली की जास्त लागते, तेव्हा पाण्यात उतरणाऱ्यांत पहिला नंबर तुझा लाव, पाण्यात बरं वाटतं. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, आणि निघायच्या आधी घ्यावी लागते, लागायला लागल्यावर नाही. माशाची थाळी आणि सोलकढी परत आल्यावर, तोपर्यंत मित्रांना सुरमईचा विषय काढू देऊ नकोस.

पाण्यातले व्हिडिओ तेच लोक काढून देतात का? मोबाइल न्यायचा का? (सगळ्यांनीच विचारलंय)

बहुतेकजण काढून देतात, पॅकेजमध्ये आहे का ते बुकिंग करतानाच विचारा. तिथल्या तिथे मोबाइलमध्ये घ्या, "नंतर पाठवतो" यावर राहू नका, आणि बावीसजणांनी बावीस वेळा मागू नका, एकाच्या फोनमध्ये जागा करून ठेवा. प्लास्टिकच्या पाउचमधला मोबाइल गळ्यात घालून उतरणार असाल तर आधी आत टिश्यू पेपर घालून पाउच बादलीत बुडवून बघा. पेपर ओला झाला तर मोबाइल बोटीतच.