लाकडी बॉडीची जुनी हिस्पानो-सुइझा खरंच धावली होती का?

तुम्ही विचारलंय की लाकडी पट्ट्यांची ती जुनी फ्रेंच गाडी खरंच धावायची की नुसती शोभेला होती. धावली, आणि साधीसुधी नाही, 1924 ला इटलीतल्या सिसिली बेटावरच्या टार्गा फ्लोरिओ रेसमध्ये धावली, 108 किलोमीटरच्या डोंगरी रस्त्याचे चार राउंड. त्यात सहावी आली, आणि तसाच पुढे पाचवा राउंड मारून कोप्पा फ्लोरिओ या जोडीच्या रेसमध्ये पाचवी.

तेव्हा महागड्या गाड्यांची कंपनी चॅसी आणि इंजिन द्यायची, बॉडी गिऱ्हाईक बाहेरून करून घ्यायचं. आपल्याकडे ट्रकचं बरीच वर्षं तसंच चालायचं बघा, नुसत्या चॅसीवर बसून तोंडाला फडकं बांधलेला ड्रायव्हर हायवेला दिसायचा, पुढे बॉडीवाला लाकूड-पत्रा चढवायचा. ही गाडी म्हणजे हिस्पानो-सुइझाचं एच6सी मॉडेल, पॅरिसजवळच्या बुआ-कोलोंब कारखान्यातली, आठ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन. मालक आंद्रे दुबोने, घरचा धंदा दारूचा, पण गडी पहिल्या महायुद्धात फायटर पायलट होता. त्यामुळे बॉडीसाठी तो गेला थेट विमानं बनवणाऱ्या न्यूपोरकडे, आणि मला या गाडीचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे. त्या काळी विमानाचा सांगाडा लाकडाचा असायचा, वजन कसं वाचवायचं ते त्या कारागिरांच्या हातातच होतं. आत फासळ्या, त्यावर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, आणि त्या बसवायला हजारो रिव्हेट. अख्खी बॉडी म्हणे सत्तर-पंचाहत्तर किलोची, आणि मागे पेट्रोलची टाकी तब्बल 175 लिटरची! म्हणजे लाकूड दिखाव्यासाठी नव्हतंच, वजन कमी करायला होतं.

गाडीला सगळे 'ट्यूलिपवुड' म्हणतात, ते एका वेगळ्या लाकडाचं नाव, पण लाकूड महोगनी असल्याचं सांगतात. होडीसारख्या लाकडी बॉडीची कल्पना तशी आधीची, लाबुर्देत या फ्रेंच बॉडीवाल्याने 1912 च्या सुमारास पानार कंपनीच्या चॅसीवर 'स्किफ' (म्हणजे हलकी होडी) नावाची गाडी केली होती, तीही सुंदरच, पण ती फिरायला जायची गाडी.

गाडीचा फोटो मिळाला तर झूम करून मागचा भाग नीट बघा. बॉडी शेपटीकडे निमुळती होत जाते तशी पट्टीही अरुंद होत जाते, आणि रिव्हेटच्या ठिपक्यांच्या रांगा त्या वळणाबरोबर वळतात. माझे वडील सुतारकाम करायचे, त्यांना असा फोटो दाखवला तर गाडीचं नाव-किंमत काही विचारलं नाही, बराच वेळ चष्मा वर करून बघत बसले आणि म्हणाले, "यातली एक पट्टी दुसरीच्या जागी बसायची नाही, प्रत्येक वेगळी तासलीय."

2022 ला अमेरिकेत मॉन्टेरेच्या लिलावात ही गाडी 92 लाख 45 हजार डॉलरला गेली, तेव्हाचे फोटो शोधा, शेपूट त्यात बघता येईल.