राउटरच्या डबीत एक्स्चेंज मावेल का?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. दापोलीजवळ आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. सहा खोल्या, स्वयंपाकघर, ऑफिस आणि बागेतलं गोदाम. ऑक्टोबरच्या गडगडाटात वीज पडली आणि ईपीएबीएक्ससकट (खोल्यांतले फोन एकमेकांना जोडणारं आमचं छोटं एक्स्चेंज) निम्मे फोन जळाले. भाचा म्हणतो, माळ्यावर पडलेल्या राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मोफत प्रणाली आणि ॲस्टेरिस्क हे एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर टाकून इंटरकॉम करू. एका राउटरला १६ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि १२८ एमबी रॅम आहे. दुसरा लिंक्सिसचा जुना डब्ल्यूआरटी५४जीएल. एवढ्याशा यंत्रावर आवाज तुटणार नाही ना? पुण्याच्या घरून मुलालाही याच इंटरकॉमवर बोलता आलं तर फार बरं होईल.
— एक वाचक, दापोली

उत्तर : भाच्याला सांगा, पहिला राउटर घे आणि लाग कामाला. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, हॉलभर उभ्या रॅकांमध्ये गेली. तेच काम तळहाताएवढ्या डबीत होताना बघून मला आजही मनापासून आनंद होतो. ॲस्टेरिस्क जन्माला आलं तेही अशाच गरजेतून. १९९९ साली मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाला आपल्या छोट्या व्यवसायासाठी विकतचं एक्स्चेंज परवडेना, म्हणून त्याने ते स्वतः लिहिलं.

डब्ल्यूआरटी५४जीएल मात्र जपून ठेवा, वापरू नका. ओपनडब्ल्यूआरटीची सुरुवात याच घराण्याच्या राउटरांपासून २००४ मध्ये झाली. पण त्यात फ्लॅश ४ एमबी आणि रॅम १६ एमबी. आजची ओपनडब्ल्यूआरटी किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम मागते.

आता आवाजाचं. कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करण्याची पद्धत. साध्या ए-लॉ कोडेकमध्ये आवाज सेकंदाला ५० पाकिटांतून जातो, प्रत्येकात १६० बाइट आवाज. म्हणजे ६४ केबीपीएस, आणि पाकिटांवरचे पत्ते धरून एका दिशेला साधारण ८०. तुमच्या सगळ्या खोल्या एकाच वेळी बोलल्या तरी राउटरला हे जड नाही. त्याला घाम फुटतो तो भाषांतर करताना. एक फोन ओपस हा दुसरा कोडेक बोलतो, समोरचा ए-लॉ, मग प्रत्येक पाकीट उलगडून पुन्हा बांधावं लागतं. राउटरच्या पुष्कळ चिपांना अपूर्णांकांचं गणित करणारा वेगळा भागच नसतो, ते सगळं सॉफ्टवेअरमधून रखडत होतं. आवाज तुटतो तो इथे. म्हणून माझा आग्रह एकच: प्रत्येक फोनवर, मोबाइलमधल्या ॲपवरसुद्धा, फक्त ए-लॉ चालू ठेवा. ॲस्टेरिस्कमध्ये आधी सगळे कोडेक नाकारायचे आणि मग हा एकच स्वीकारायचा. राउटरने फोन जोडून द्यावा, दुभाषा होऊ नये. केंद्रातल्या केंद्रात तर ‘डायरेक्ट मीडिया’ चालू केलंत की फोन लागल्यावर आवाज थेट एका फोनवरून दुसऱ्यावर जातो, ॲस्टेरिस्कचा त्याला हातही लागत नाही.

ओपनडब्ल्यूआरटीवर ॲस्टेरिस्कचे तुकडे सुटे मिळतात. लागतील तेवढेच घ्या: मूळ पॅकेज, पीजेसिप (फोनची नोंदणी आणि जोडणी), आरटीपी (आवाजाची ने-आण), ए-लॉ, डायल आणि ब्रिज-सिंपल (दोन फोन जुळवणारा). हे शेवटचं राहिलं तर घंटी वाजते पण दोन फोन जुळत नाहीत. जुन्या मार्गदर्शनांत पीजेसिपच्या जागी असलेली चॅन-सिपची पद्धत भाच्याने शिकूच नये, ॲस्टेरिस्कच्या २०२३ मधल्या २१व्या आवृत्तीतून ती काढून टाकली आहे. व्हॉइसमेलचा मोहही टाळा. ओपनडब्ल्यूआरटीत ‘व्हार’ हा कप्पा रॅममध्ये असतो, वीज गेली की निरोप पुसले जातात. ते फ्लॅशवर लिहायला लावले तर फ्लॅश झिजते.

विजेबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण कोकणात खरा शत्रू तोच आहे. तुमचे फोन जळाले ते बहुधा इमारतींमधून ताणलेल्या तांब्याच्या तारांमुळे. इथरनेटची तारही तांब्याचीच, तिचंही तेच होईल. गोदामाकडे जाताना फायबर टाका, दोन टोकांना दोन छोटे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि इथरनेट जोडणाऱ्या डब्या) लावा. काचेतून विजेचा झटका येत नाही. वाचलेले जुने फोन फेकू नका, साधा फोन नेटवर्कला जोडणाऱ्या एटीए नावाच्या डबीला जोडले की तेही चालतात. लँडलाइनला एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून वीज मिळायची, म्हणून गावातले दिवे गेले तरी फोन जिवंत असायचा. इथे ती सोय आपणच करायची. राउटर, स्विच, एटीए आणि कन्व्हर्टर या सगळ्यांना छोटा यूपीएस हवाच. रात्री पाहुण्याला बरं नसेल आणि ऑफिसचा फोन मुका असेल, हे चालणार नाही.

पुण्याच्या मुलासाठी ५०६० हे पोर्ट, म्हणजे ॲस्टेरिस्कचा फोन जोडण्याचा दरवाजा, इंटरनेटवर कदापि उघडू नका. ते दिसलं की जगभरातले प्रोग्रॅम पासवर्ड आपटत बसतात, मध्यरात्री फोन उगाच वाजू लागतात. दोन्ही घरांच्या राउटरांमध्ये वायरगार्डचा बोगदा करा, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद खासगी वाट. दापोलीचं इंटरनेट मोबाइल कंपनीचं असेल तर तुम्हाला बाहेरून दिसणारा पत्ता बहुधा मिळणार नाही. असा पत्ता पुण्याकडे असेल तर बोगदा दापोलीहून उघडायचा आणि तो जागा राहावा म्हणून २५ सेकंदांचा ‘कीपअलाइव्ह’ ठेवायचा. मुलाच्या फोनपुरतं डायरेक्ट मीडिया बंद, म्हणजे त्याचा आवाज ॲस्टेरिस्कमधूनच जाईल.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. राउटरला बहुधा बॅटरीवरचं घड्याळ नसतं, वीज येताच तो जुनी वेळ धरून उठतो. वायरगार्ड मागच्यापेक्षा जुन्या वेळेचा निरोप स्वीकारत नाही, त्यामुळे बोगदा जुळत नाही आणि सगळं नीट दिसत असताना फोन लागत नाही. घड्याळ जुळवणारी एनटीपी सेवा बोगद्याबाहेरून, थेट इंटरनेटवरून जाईल असं बघा.

पाहुणे फोटो चढवायला लागले की आवाजाची पाकिटं मागे अडकतात. ओपनडब्ल्यूआरटीतलं एसक्यूएम हे रांग सांभाळणारं पॅकेज लावा, त्यात ‘केक’ ही पद्धत निवडा आणि वेग प्रत्यक्ष मिळतो त्यापेक्षा थोडा कमी लिहा.

आणि या एक्स्चेंजला सिम किंवा लँडलाइन जोडून पुण्याहून आलेले कॉल बाहेरच्या नंबरांवर सोडू नका. परवान्याशिवाय असं करणं गुन्हा आहे. बाहेर बोलायला तुमचा नेहमीचा मोबाइल आहेच.

प्रश्न : आमच्या दवाखान्यात ‘डॉक्टरांसाठी १ दाबा’ असं हवं आहे, कॉल रेकॉर्डही व्हायला हवेत. राउटर पुरेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. रेकॉर्डिंगला जागा लागते आणि सतत लिहिणं फ्लॅशला सोसत नाही. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्या, ॲस्टेरिस्क त्यावर चालवा आणि रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर न ठेवता यूएसबीच्या एसएसडीवर ठेवा. रेकॉर्ड होतंय हे रुग्णाला सुरुवातीच्याच ध्वनिफितीत मराठीत सांगा, आणि ती फीत ए-लॉमध्येच साठवा, म्हणजे वाजवताना भाषांतर नको.