कॉलेजात स्पॅनिशची इंटरमीजिएट लेव्हल घेतोय, बेसिक सोपं गेलं पण आता काहीच झेपत नाहीये, काय करू?

घाबरू नकोस, या लेव्हलला बहुतेकांचं असंच होतं, कारण पाठांतरावर निभावण्याचे दिवस संपतात आणि दोन भूतकाळ आणि सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, शंका वगैरे सांगताना लागणारं क्रियापदाचं रूप, एकदमच अंगावर येतात. पण मराठी येत असेल तर निम्मं काम झालेलंच आहे खरं तर! 'फुई' म्हणजे गेलो, एकदा गेलो आणि विषय संपला, आणि 'इबा' म्हणजे जायचो किंवा जात होतो, हा फरक आपण रोज बोलताना करतोच की, फक्त इंग्लिशमधून विचार केला की गोंधळ होतो. सबजंक्टिव्हचंही तसंच, 'किएरो के बेंगास' म्हणजे 'तू यावंस असं मला वाटतं', त्यातलं 'यावंस' बघ, अगदी सेम नाही पण कल्पना तीच.

अनियमित क्रियापदं मात्र घोकावीच लागतात, त्याला इलाज नाही. रोज पाच-सहा ओळी डायरी लिही, काल काय केलं आणि लहानपणी काय करायचास, दोन्ही भूतकाळ आपोआप येतात, आणि सरांकडून तपासून घे. ऐकायला सबटायटल्स स्पॅनिशच लाव, इंग्लिश नको. पुढे सर्टिफिकेट हवं असेल तर सेर्वांतेस इन्स्टिट्यूटची डेले परीक्षा असते, तुझ्या लेव्हलला तिची बी१, म्हणजे इंटरमीजिएट पातळी बघ.