लिंक टाकली की फोटो भलताच येतो

प्रश्न: माझ्या वेबसाइटवरच्या लेखाची लिंक फेसबुकवर टाकली की लेखातला फोटो न येता साइटचा लोगोच येतो, तोही अर्धा कापलेला. हे बदलता येतं का?

उत्तर: येतं की. तुम्ही काही सांगितलंच नाही तर फेसबुक पानावरचा हाताला लागेल तो फोटो उचलतं, मग लोगो आला तर नवल काय. पानाच्या हेडमध्ये (कोडच्या सुरुवातीचा, पानावर न दिसणारा भाग) 'ओजी:इमेज' (og:image) नावाचा मेटा टॅग, म्हणजे पानाची माहिती सांगणारी कोडची ओळ, टाकायचा आणि त्यात फोटोचा पत्ता द्यायचा, पण एचटीटीपीएसपासून अख्खा, अर्धवट दिला की गंडतं. ही ओपन ग्राफची (ओजी म्हणजे तेच, असल्या टॅगची पद्धत) भानगड फेसबुकनेच २०१० मध्ये आणली, आता व्हॉट्सअ‍ॅप, लिंक्डइन पण तेच टॅग वाचतात. साइट वर्डप्रेसवर असेल तर एसईओ प्लगिनमधून (साइट गुगलवर नीट दिसावी म्हणून जोडतात ते छोटं सॉफ्टवेअर) फोटो निवडा, कोडला हात लावायला नको. साइज १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवा, म्हणजे कापाकापी होणार नाही.

आता खरी डोकेदुखी, टॅग बरोबर टाकला तरी जुनाच फोटो दिसत राहतो आणि माणूस वैतागून परत परत कोड तपासत बसतो, पण चूक कोडमध्ये नसतेच, फेसबुकने आधीचा फोटो साठवून ठेवलेला असतो. त्यांच्या शेअरिंग डीबगर नावाच्या लिंक तपासायच्या पानावर लिंक टाका, 'स्क्रेप अगेन' दाबा, की फेसबुक पान नव्याने वाचतं. व्हॉट्सअ‍ॅपला असलं बटणच नाही (का नाही देव जाणे), तिथे लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून व्ही=२ (?v=2) असं काहीतरी जोडून पाठवा, त्याला ती नवीन लिंक वाटते. आधीच पाठवलेल्या मेसेजमधला फोटो मात्र बदलणार नाही.