‘आधी बारावी होऊ दे’ म्हणताना

दहावीचा निकाल लागला की करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, पोरानं असं क्षेत्र धरलंय की तिथं महिन्याच्या महिन्याला पगार नाही. हो म्हणावं की नाही म्हणावं?” २०२४ च्या जुलैत एका घराने हा प्रश्न दुहेरी आणला. सोलापुरात शाळांचे गणवेश शिवणारे छोटे कारखाने पुष्कळ आहेत, त्यातलाच एक या घराचा. जूनमध्ये त्यांना जेवायलाही फुरसत नसते, म्हणून ऑर्डरी संपल्यावर आले. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

थोरली २३ वर्षांची. बी. कॉम. झालेली, एका सीएच्या ऑफिसात नोकरीला. कॉलेजात एकांकिका लिहिल्या, राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्रावर दोनदा नाटक उतरवलं. तिला टीव्ही मालिका लिहायच्या होत्या. धाकटा १६ वर्षांचा, मिडफिल्डला खेळणारा. शाळेच्या संघातून सुब्रोतो कप या आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेच्या विभागीय फेरीपर्यंत गेलेला. त्याला फुटबॉलच करायचं होतं.

घरात तोडगा निघाला होता, माझ्याकडून फक्त शिक्कामोर्तब हवं होतं. मुलीला एक वर्ष द्यायचं. डोंबिवलीला मावशीकडे राहील, मुंबईत काम शोधेल, नाही जमलं तर परत येऊन लग्न. मुलाने मात्र आधी बारावी सायन्स करायची, मग डिग्री, मग काय खेळायचं ते खेळ. वडील म्हणाले, “मी दोघांनाबी नाही म्हणलेलं नाही मॅडम. फक्त क्रम लावलाय.”

माणूस मनापासून बोलत होता. दोन्ही मुलांसाठी काहीतरी सोडायची त्याची तयारी होती, आणि असे वडील मला रोज भेटत नाहीत. पण क्रम उलटा लागला होता, आणि ते त्यांना समजावून सांगण्यात आमच्या पहिल्या दोन भेटी गेल्या.

फुटबॉलमध्ये वय आधी बघतात. युवा लीग वयोगटांच्या असतात. कुणी वय चोरू नये म्हणून मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढून ते तपासतात. जो मुलगा पुढे जातो तो या वयात घराबाहेर पडलेला असतो. आपल्या शेजारचं कोल्हापूर घ्या. तिथं तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम भरतं, घराघरात फुटबॉल बोलला जातो. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तोसुद्धा लहानपणीच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. कोल्हापूरच्या मुलाला जे करावं लागलं, ते सोलापूरच्या मुलाला चुकणार कसं? आपल्याकडे तर मैदानावरची निम्मी पोरं क्रिकेटकडे वळलेली असतात. २१ व्या वर्षी डिग्री घेऊन पहिल्यांदा ट्रायलला गेलेल्या मुलाकडे कुठल्या क्लबने का बघावं? मी वडिलांना म्हटलं, “तुम्ही त्याला आत्ताच नाही म्हणताय. फक्त ते त्याला पाच वर्षांनी कळेल.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आईच म्हणाली, “मग पोरीचं?”

मुलीचं गणित वेगळं होतं. दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही कामं बहुधा वेगवेगळे लोक करतात. नवा माणूस सुरुवातीला संवाद लिहिणाऱ्या एखाद्याच्या हाताखाली लागतो आणि तेव्हा पडद्यावर नाव येतंच असं नाही. साधारण २२ मिनिटांचा एपिसोड, आठवड्याला सहा-सात. लिहिलेलं वाहिनीकडून मंजूर होऊन यावं लागतं. गुरुवारी टीआरपी येतो, आणि आकडा पडला की कथेचा ठरलेला ट्रॅक मोडून नवा रचायचा. पैसे एपिसोडमागे, तेही बिल दिल्यावर दोन-तीन महिन्यांनी. अशा कामात पहिलं वर्ष माणसं ओळखण्यातच जातं. वर्षाची मुदत घालून तिला पाठवणं म्हणजे अपयशाची तारीख आधीच लिहून देणं होतं.

आणि घाई कशाची? संवाद लिहिणाऱ्याला वयाची अट नाही. उलट सीएच्या ऑफिसात भावाभावांच्या भागीदाऱ्या मोडताना, बायकोच्या नावावर दुकान करताना होणारी बोलणी ती रोज ऐकत होती. कुटुंबाच्या मालिका लिहिणाऱ्याला याहून मोठं भांडवल मला माहीत नाही. वडिलांना वाटत होतं की लेखन लग्नाआधी उरकायची गोष्ट आहे. हे मात्र मी सरळ खोडलं. मुलीच्या कामाला लग्नाची मुदत लावायची आणि मुलाच्या कामाला डिग्रीची, यात त्या त्या कामाचा विचार कुठेच नाही.

त्यांनी एक रास्त प्रश्न विचारला. मोठ्या ठिकाणी पोचल्यावर तरी हे स्थिर होतं का? नाही होत. अमेरिकेतले टीव्ही लेखक संघटित आहेत, करारांनी बांधलेले आहेत. तेही २०२३ मध्ये १४८ दिवस संपावर होते. एका मालिकेला किमान इतके लेखक, किमान इतके आठवडे कामावर ठेवा, ही त्यांची एक मोठी मागणी होती. दोन कामांमधला रिकामा काळ हाच या धंद्याचा खरा धोका आहे, जगात कुठेही. त्यामुळे तो काळ कशावर काढायचा हे आधी ठरवायचं. तिच्याकडे नोकरी होती. ती सोडायची नाही, इतकं पहिल्या महिन्यात ठरलं.

मग मी दोघांनाही काम दिलं. हुशारी मोजायची माझ्याकडे पट्टी नाही. क्षेत्रात रोज जे करावं लागणार तेच काही दिवस करून बघायचं, एवढंच मी सांगते.

मुलीने चालू मालिकांपैकी एक निवडायची. तीन आठवडे लक्ष देऊन बघायची. मग आठवडाभर रोज ऑफिसातून आल्यावर पुढचा एपिसोड स्वतः लिहायचा, झोपायच्या आधी पूर्ण करायचा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष दाखवलेल्याशी ताडून बघायचा. कुणाला दाखवायचा नाही. ती परत आली तेव्हा वही भरलेली होती आणि चेहरा उतरलेला. चौथ्या दिवशीचे प्रसंग तिला स्वतःलाच वाचवत नव्हते. मी विचारलं, पाचव्या दिवशी काय केलं? म्हणाली, “लिहिलं. पण चौथ्या दिवशीच्या चुका पुन्हा नाही केल्या.” मला तेवढंच ऐकायचं होतं. एखादा सुंदर एपिसोड पुष्कळांना लिहिता येतो. वाईट दिवसानंतर पुन्हा लिहायला बसणारी माणसं कमी.

मुलाला विचारलं, सोलापूरबाहेरच्या कुठल्या प्रशिक्षकाने तुझा खेळ बघितलाय? उत्तर नाही असंच होतं. म्हणून आधी ट्रायल, मग स्वप्नाचा हिशेब. इथं पालकांना कळकळीने सांगते की ट्रायलच्या नावाने लाख-दीड लाख मागणारे फार झालेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ अकादम्यांना दर्जानुसार मान्यता देतो. ती तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पुण्यात तीन ठिकाणी तो गेला. दोन ठिकाणी नाकारला, तिसऱ्या निवासी अकादमीने घेतला. सायन्स सोडून त्याने मुक्त विद्यालयातून बारावी करायची, आणि दोन वर्षांत युवा लीगच्या संघात जागा झाली नाही तर पुन्हा बसून बोलायचं, असं कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या.

त्याच्याशी मी जास्त बोलले ते मात्र वेगळ्याच गोष्टीबद्दल. अकादमीतून वगळलेली मुलं मी बघितली आहेत. अठराव्या वर्षी त्यांना वाटतं की आपण कुणीच उरलो नाही. लहानपणापासून घर, शाळा, मित्र सगळे त्यांना फुटबॉलवाला म्हणूनच ओळखत आलेले असतात. मी त्याला विचारलं, गुडघा गेला तर तुझं काय उरेल? तो चिडला. ते साहजिक होतं, पण मी विषय सोडला नाही. पुढच्या खेपेला तो आपणहून म्हणाला की लहान पोरांना जागा धरून खेळायला शिकवणं त्याला आवडतं. प्रशिक्षकाचा डी लायसन्स १८ पूर्ण झाल्यावर करता येतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. सरकारी नोकऱ्यांतली खेळाडूंसाठीची ५ टक्के जागांची तरतूद वडिलांना ठाऊक नव्हती. ती सर्वांना मिळत नाही, ठरावीक स्तरावरची कामगिरी लागते, हेही मी सांगितलं. खोटा दिलासा दिला की पुढच्या अपयशाला तो मुलगा एकटा पडतो.

२०२५ च्या जुलैत वडिलांचा फोन आला. महासंघ आणि आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार संपत आला होता, नवा झालेला नव्हता, आणि देशातली सर्वांत मोठी लीग थांबवल्याची बातमी आली होती. पुढे काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही थांबवले. “मॅडम, बघा, मी म्हणत होतो.” त्यांची भीती खोटी नव्हती. पुण्याचा आयएसएलमधला क्लब २०१९ मध्ये बंद पडला, तेव्हाही पोरं अशीच उघड्यावर आली होती. मी त्यांना म्हटलं, आज त्याचं वय १७ आहे, पगार कुणाचा थांबलाय? तो रोज खेळतोय, बारावीचे दोन विषय सुटलेत. करार मोठ्यांचा मोडलाय, आपल्या कागदावरची मुदत अजून संपलेली नाही. आईने मागून विचारलं, “जेवतो का नीट?” त्याचं उत्तर माझ्यापेक्षा तिच्याकडेच जास्त होतं, ती दर पंधरा दिवसांनी हुतात्मा एक्स्प्रेसने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन पुण्याला जात होती.

मुलीला त्याच वर्षी दिवाळीनंतर काम मिळालं. राज्य नाट्य स्पर्धेच्या ओळखीतून एका संवादलेखिकेला मदतनीस हवी होती. बैठका ऑनलाइन होत असल्यामुळे सोलापूर सोडावं लागलं नाही. सकाळी सातपर्यंत मसुदा पाठवायचा, मग ऑफिस. डोंबिवलीचा विषय आपोआप मागे पडला. लग्नाचा पडलेला नाही, स्थळं येतात, पण आता ती स्वतः आधी सांगते की मी रात्री लिहिते.

मध्यंतरी दोघी, आई आणि ती, पहिला स्वतःच्या नावाचा करार घेऊन आल्या. मी वकील नाही, पण चार जागा दाखवल्या. पैसे किती दिवसांत, मालिका मधेच बंद झाली तर लिहून दिलेल्या पण न दाखवलेल्या एपिसोडचं काय, श्रेयनामावलीत नाव कोणत्या शब्दांत, आणि २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने लेखकाला दिलेला रॉयल्टीचा हक्क सोडून दिल्यासारखं कुठे काही लिहिलंय का. दुसऱ्या मुद्द्यावर करारात एक ओळसुद्धा नव्हती. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घे, तिथल्या लोकांना हा कागद दाखव आणि ती ओळ घालून घेतल्याशिवाय सही करू नकोस, असं सांगितलं. आठ दिवसांनी तिचा मेसेज आला, ओळ घातली आहे, आज सही केली.