पिलरसाठी स्टॅटिक की रोव्हर?

प्रश्न : पाथर्डी तालुक्यात सौर प्रकल्पाची दोन किलोमीटर लांब जागा आहे. कंट्रोलसाठी, म्हणजे पुढची सगळी मापं ज्यांच्यावरून घ्यायची त्या पक्क्या खुणा म्हणून, पाच पिलर बांधलेत. ठेकेदार म्हणतो, कॉर्सच्या (कायम चालू असणाऱ्या उपग्रह-संदर्भ स्टेशनांच्या) जोडणीवर रोव्हरनं (जागच्या जागी स्थान सांगणाऱ्या फिरत्या उपग्रह रिसीव्हरनं) एका दिवसात वाचनं उरकू, स्टॅटिक (रिसीव्हर एका जागी बराच वेळ ठेवून नंतर गणित करायची पद्धत) कशाला? मोबाइलची रेंज मधूनमधून जाते. काय करावं?
– एक साइट इंजिनिअर

उत्तर : पाचही पिलर स्टॅटिकनंच करा. रोव्हर वाईट नाही. खांबांच्या जागा आखायला, कंटूरला (समान उंचीच्या रेषांना) मीही तोच वापरतो. पण पिलरचं गणित वेगळं. रोव्हरच्या वाचनात दोन पिलरांमध्ये दोन सेंटिमीटरचा फरक सहज राहतो. ते पिलर दोनशे मीटरवर असले आणि त्यांच्यावरून टोटल स्टेशनची (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राची) दिशा बांधली, तर दोन किलोमीटर पुढे वीस सेंटिमीटर सरकलात. तिथे सौर पॅनेलच्या टेबलांच्या रांगा जुळणार नाहीत.

एवढ्या छोट्या बेसलाइनला (दोन रिसीव्हरांमधल्या रेषेला) तासभराचं सत्र पुरतं. मात्र सगळे फाटे एकाच पिलरवरून काढू नका, शेजारच्या पिलरांमध्येही बेसलाइन घ्या. लूप बंद करून, म्हणजे फिरून पहिल्या पिलरवर आल्यावर मापं जुळतात का ते पाहिलं, की चूक लपत नाही. एका पिलरवर रिसीव्हर काही तास ठेवा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स स्टेशनांचा डेटा घेऊन तो पिलर त्यांच्याशी जोडा. याला जागेवर रेंज लागतच नाही. कॉर्सपर्यंतच्या लांब बेसलाइनचं काम सकाळी उरका. आपल्या अक्षांशावर दुपारनंतर आणि सूर्यास्तानंतर आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) त्रास देतं, मार्च-सप्टेंबरच्या आसपास विशेष. अँटेनाची उंची सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा मोजून वहीत लिहा.

आता तुम्ही न विचारलेलं, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. पाथर्डी 75 अंश रेखावृत्ताजवळ आहे, म्हणजे यूटीएम (नकाशाच्या सपाट ग्रिडची पद्धत) झोन 43 च्या मधोमध. तिथे स्केल फॅक्टर (ग्रिडवर अंतर किती पट भरतं तो आकडा) 0.9996. त्यात सहाशे मीटर उंचीचा परिणाम धरला, की जमिनीवरचा एक किलोमीटर ग्रिडवर सुमारे अर्धा मीटर कमी भरतो. ड्रॉइंग ग्रिडमध्ये आहे की जमिनीच्या मापात, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्या.

उंचीसाठी उपग्रहावर विसंबू नका. रिसीव्हरची उंची लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) असते. आपल्याकडे ती समुद्रसपाटीच्या उंचीहून साठहून अधिक मीटरांनी कमी येते. जिऑइड मॉडेल (लंबगोल आणि समुद्रसपाटी यांतलं अंतर सांगणारं) हा फरक बराचसा काढतं, पण नाल्याच्या उताराला सेंटिमीटर मोजावे लागतात. जवळच्या बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) ऑटो लेव्हलनं (उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीनं) पाचही पिलरांवर लेव्हल आणा आणि परत बेंचमार्कवर येऊन बंद करा.